खोली अजून रिकामी आहे

प्रिय धाकट्या,

हे पत्र न्हाव्याच्या दुकानात ठेवून जाते आहे, कारण तुझी दाढी तिथेच होते आणि तुझी निळी पिशवीही त्याच्याच माळ्यावर असते. माणूस भला आहे. मी तुझी बहीण असं सांगितल्यावर त्याने खुर्ची पुसून दिली. बहीण आहे तर इतकी वर्षं कुठे होती, हे त्याने तोंडाने विचारलं नाही, पण त्याचा चेहरा विचारत होता. पाच आठवडे झाले तू तिकडे फिरकलेला नाहीस म्हणे. पिशवी इथे आहे म्हणजे येईल, असं तो म्हणाला, आणि मीही मान हलवली. आता आधी बातमी सांगते, कारण लांबण लावलेलं तुला कधीच सोसत नाही. खोलीसाठी तू केलेल्या अर्जाला नकार मिळाला आहे. तसं ऑफिसचं पत्र याच पत्त्यावर येईल, अर्जावर तू हाच दिला होतास, दोन ओळींचं, कारण न सांगणारं. खोली मात्र अजून रिकामी आहे आणि एक तारखेपर्यंत रिकामीच राहील. मग दुसऱ्याला देतील. इथवर वाचून तू हा कागद चुरगळायला घेतला असशील, ओळखून आहे मी तुला. पण जरा थांब आणि पुढे वाच.

हे सगळं मला कसं ठाऊक, असं तुला वाटेल. मी कुठल्याशा ऑफिसात टेबलामागे बसून शिक्के मारते, अशी तुझी समजूत आहे आणि मी ती कधी दूर केली नाही. खरं काम असं, की जी माणसं वर्षानुवर्षं रस्त्यावर राहिली आणि ज्यांना आमच्या संस्थेकडून खोली मिळाली, त्यांची ती खोली टिकली पाहिजे. किल्ली देणं सोपं असतं रे. किल्ली दिली, फोटो काढला, टाळ्या वाजवल्या, संपलं. खरी कसरत त्यानंतर. कचरा कोणत्या वारी खाली न्यायचा, रेडिओ किती मोठा लावला की शेजारी भिंत ठोकतो, दाराखालून आलेली पाकिटं उघडायची असतात, हे सगळं शिकवावं लागतं. पाकिटं तर कुणी उघडतच नाही, कारण त्यांच्या जन्मात चांगली बातमी पाकिटातून आलेली नसते. पहिले दोन-तीन महिने कुणी पलंगावरही झोपत नाही. दाराशी, पायात बूट तसेच, पिशवी उशाला. कडाक्याच्या थंडीत खिडक्या उघड्या टाकतात, कारण बंद खोलीत जीव घुसमटतो. अशा बावीस खोल्या माझ्याकडे आहेत. आम्हा सगळ्यांत माझ्या खोल्या जास्त टिकतात, असा माझा लौकिक आहे, किंवा होता म्हण.

तू अर्ज केलास ती खोली मिस्त्रीची. त्याला सगळे मिस्त्रीच म्हणायचे. हाडाचा गवंडी, पण पाठ गेली आणि काम गेलं, मग अकरा वर्षं पुलाखाली. खोली मिळाली त्या दिवशी त्याने आनंद वगैरे काही केला नाही. चारही भिंती बोटांच्या पेरांनी वाजवून पाहिल्या आणि म्हणाला, "बाई, हे प्लास्टर ज्याने केलं त्याला माझ्यासमोर आणा." मी पोट धरून हसले. पुढच्या आठवड्यात गेले तर पठ्ठ्याने कुठूनतरी सिमेंट मिळवून सगळ्या भेगा बुजवल्या होत्या आणि हात धुऊन माझ्यासाठी चहा टाकला होता. तुझं आणि त्याचं चांगलं जमलं असतं. दुसऱ्याच्या कामात खोट काढायची तुम्हा दोघांना सारखीच खोड. बाजारातल्या प्रत्येक पाटीखाली उभा राहून तू माझा किती वेळ खाल्लास, आठव. हे अक्षर बसकं, ते वाकडं, आणि मी आपली भाजीची पिशवी घेऊन ताटकळत उभी.

थंडी पडली तसे मिस्त्रीचे पुलाखालचे चार सोबती त्याच्याकडे येऊन झोपायला लागले. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी तक्रार केली की जिन्यात वास येतो, रात्रभर खोकले ऐकू येतात. आमच्याकडे नियम आहे, पाहुणा तीन रात्रींच्या वर राहता कामा नये. मी तावातावाने गेले आणि मिस्त्रीला बजावलं की खोली तुमच्या एकट्याच्या नावावर आहे, आणखी एक तक्रार आली तर ती जाईल आणि मग माझ्याकडे यायचं नाही. तो म्हणाला, "म्हणजे या गारठ्यात त्यांना दारातून परत पाठवू?" मी हो म्हटलं. त्याच्याच भल्यासाठी म्हटलं, निदान तेव्हा मला तसंच वाटत होतं. त्याने माझा शब्द खाली पडू दिला नाही. आधी त्या चौघांना दार उघडेनासा झाला, मग हळूहळू कुणालाच. आमच्या महिन्याच्या चहापानाला यायचा तेही बंद झालं. तक्रार मात्र एकही आली नाही. सहा महिने तक्रार आली नाही की आम्ही माणसाच्या नावापुढे 'स्थिर' असा शेरा मारतो, आणि आठवड्याची भेट महिन्यावर येते. तो शेरा मी माझ्या हाताने मारला. आमच्या मोठ्या बाईंनी नव्या लोकांसमोर मला उभं करून माझं कौतुक केलं. मीही फुशारून गेले होते, खोटं कशाला सांगू.

हे लिहिताना तू डोळ्यांपुढून हलत नाहीस. तुलाही मी असंच तुझ्या भल्याचं म्हणून सांगितलं होतं ना? सासूबाई आठ दिवसांसाठी येत आहेत, घर लहान आहे, तुझं पिणं त्यांच्या नजरेस पडायला नको, तेवढे आठ दिवस कुठेतरी सोय बघ. तू एका शब्दाने उलट बोलला नाहीस. ब्रश तेवढे गोळा केलेस, ताटातलं संपवलंस, आणि गेलास. सासूबाई नवव्या दिवशी गेल्या. मी तुला बोलवायला आले नाही. आज येईल, उद्या येईल, आपण होऊन येईल असं म्हणत राहिले, आणि तू मी बोलवायची वाट बघत राहिलास. की नव्हतास बघत? सहा वर्षं मी याचाच कीस काढते आहे. तुझे मेहुणे काहीही म्हणाले नव्हते रे. लोकांसमोर मी त्यांचं नाव पुढे केलं, पण त्यांनी उलट दोनदा विचारलं होतं की तो आला का म्हणून.

आता मिस्त्रीचं पुढचं. महिन्याच्या भेटीला आम्ही वर जायचं, दार वाजवायचं, माणसाला समोर उभं पाहायचं, दोन शब्द बोलायचे आणि मग वहीत नोंद करायची, अशी पद्धत आहे. त्याची खोली चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. माझे गुडघे तुला माहीत आहेत, आईचेच घेतलेत. समोरच बसथांबा आहे आणि थांब्यावरून त्याची खिडकी दिसते. एका संध्याकाळी तिथे उभी होते, खिडकीत दिवा दिसला. दिवा आहे म्हणजे माणूस घरात आहे, असा विचार केला आणि बस आली तशी चढले. वहीत लिहिलं, 'भेट झाली, ठीक आहे.' पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. आमच्यात हे सगळेच कधी ना कधी करतात, फक्त कुणी बोलत नाही. पण मिस्त्री कसा माणूस होता हे मला ठाऊक होतं. चहा उकळेपर्यंतसुद्धा तो दिवा मालवून अंधारात बसायचा, उगाच कशाला जाळायचा म्हणून. दोन्ही वेळा तो दिवा मी पाहिला आणि माझ्या डोक्यात काहीच आलं नाही.

खालच्या बाईंचा फोन आला, पुन्हा वासाबद्दल. मी ऑफिसातली जादा किल्ली घेऊन गेले आणि दार उघडलं. आत काय होतं ते लिहीत नाही. दिवा चालू होता. डॉक्टर म्हणाले, बारा-तेरा दिवस झाले असावेत. माझी दुसरी नोंद आठ दिवसांपूर्वीची होती. म्हणजे मी 'ठीक आहे' लिहिलं तेव्हा तो आत जमिनीवर पडलेला होता. पोलिसाने विचारलं, शेवटचं कुणी पाहिलं, कधी? मी वही उघडून तीच तारीख वाचून दाखवली. त्याने लिहून घेतली. डॉक्टरांच्या तारखेशी ती कुणी ताडून पाहिली नाही. आमच्या माणसांच्या बाबतीत कोण ताडून बघतो! मातीला पुलाखालचे ते चौघे आले होते. त्यांतला एक जण माझ्याजवळ आला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "आमच्यात असता तर सकाळी उठला नाही म्हणून कुणीतरी हलवून बघितलंच असतं, बाई." रागावून म्हणाला असता तर बरं झालं असतं. तेव्हापासून मला जेवण जात नाही, आणि कुणी काही विचारलं की मी पित्ताचं नाव सांगते.

त्याच खोलीसाठी पंधरवड्यातच निवड समितीची बैठक लागली. समितीवर मीही असते. समोर तीन फायली होत्या, आणि दुसरी उघडताच फोटोच्या आधी मी अक्षर ओळखलं. पाट्या रंगवणाऱ्याचं गोल, ठाशीव अक्षर कुठे लपणार? फोटोत तू किती म्हातारा दिसतोस रे. जवळचे नातेवाईक या रकान्यात तू 'कुणी नाही' असं लिहिलं होतंस. अर्जदार नात्यातला असेल तर तसं सांगून उठून बाहेर जायचं, हा आमचा नियम. माझं आडनाव लग्नात बदललं, तुझं-माझं नातं तिथे कुणाला ठाऊक नाही. मी उठले नाही. म्हटलं, बसूया, याला पुढे काढूया, एवढं तरी करू. कोण टिकेल आणि कोण नाही, याबाबत माझा शब्द तिथे शेवटचा असतो. मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "या रंगाऱ्याचं काय वाटतं?" मी म्हणाले, "हा टिकणार नाही." वर कारणंही दिली, व्यवस्थित, नेहमीच्या सुरात. पितो, एकटा आहे, मागे कुणी नाही. पाच मिनिटांत फाईल बाजूला गेली.

घरी येऊन मी स्वतःची बरीच समजूत घातली. बाकीच्या दोघांची गरज जास्त आहे, असं म्हणून पाहिलं. तू 'कुणी नाही' लिहिलंस त्याचा राग आला, असंही म्हणून पाहिलं. दोन्ही खोटं. खरं एवढंच की ती खोली माझ्या बाविसांतली आहे. तू तिथे राहिला असतास आणि दर महिन्याला मी त्या थांब्यावर उभी राहिले असते. मिस्त्रीच्या बाबतीत जी मी होते तीच मी तुझ्याही बाबतीत असणार, हे मला त्या क्षणी लख्ख कळलं. त्यापेक्षा हा रस्त्यावर बरा, तिथे निदान सकाळी कुणी हलवून तरी बघेल, असं माझ्या मनात आलं. लोकांना घरात टिकवण्याचं काम करणारी तुझी सख्खी बहीण, आणि तिला आपल्या नजरेखालच्या घरापेक्षा फुटपाथ सुरक्षित वाटला. माझा आता कशावरच विश्वास उरलेला नाही, धाकट्या. कामावर नाही, खोल्यांवर नाही, माझ्यावर तर नाहीच.

पत्र लिहायचं कारण सोबतच्या पाकिटात आहे. हे पाकीट मात्र उघड. आत तक्रारीचा फॉर्म आहे, माझ्याविरुद्धचा. समितीतली बाई अर्जदाराची मोठी बहीण आहे, तिने नातं लपवलं, म्हणून निर्णय रद्द करून अर्ज पुन्हा ऐकावा, असं त्यात लिहिलं आहे. दुसऱ्या पानावर मिस्त्रीच्या त्या दोन खोट्या नोंदी तारखांसह आहेत. मग माझी नोकरी राहणार नाही, आणि तुझ्या दाराशी येणारी बाई दुसरी कुणीतरी असेल, जिने वर चढून दार वाजवायला हवं. मी स्वतः सांगायला मोठ्या बाईंच्या दारापर्यंत दोनदा गेले आणि रजेचं काहीतरी विचारून परत आले. पण मी सांगितलं तरी तुझी फाईल उघडत नाही, ती अर्जदाराच्या सहीनेच उघडते. सगळं भरलं आहे, सही तेवढी तुझी. येत्या शुक्रवारी चारच्या आत आमच्या ऑफिसच्या तळमजल्यावरच्या खिडकीत द्यायचं, त्यानंतर घेत नाहीत. तू आयुष्यात कुठेच वेळेवर पोहोचला नाहीस, आणि हे पत्र तुझ्या हाती तोवर पडेल असंही मला वाटत नाही. तरी शुक्रवारी मी वर माझ्या टेबलाशी बसलेली असेन. खाली येणार नाही, मला पाहून तू मागे फिरशील म्हणून. चार वाजले की खिडकी बंद झाल्याचा आवाज वर ऐकू येतो.

तू नाकारलीस तरी तुझीच,
ताई