आईच्या खोलीतली कच्ची खडी

प्रिय रिफात,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. तुझा दोस्त अश्रफ उद्या तुझ्याकडे कुवेतला परत निघालाय, त्याच्या हाती देतेय. तू वाचेपर्यंत समोरून हलू नकोस, असं त्याला बजावलंय. इथे हेलवानला गारठा आहे आणि आईच्या खोलीचं दार लागत नाही. लागणार कसं? जमीन फुगलीये. मधोमध इतकी वर आलीये की चहाची किटली ठेवली तर कलंडते. भिंतीच्या भेगेत माझा हात जातो. इंजिनियर येऊन बघून गेला, घर खाली करा म्हणाला.

पोलादाच्या भट्टीतली टाकाऊ मळी आणायची, फोडून खडी करायची आणि काँक्रीटमध्ये घालायची, या तुझ्या धंद्याचं मला केवढं कौतुक होतं! घरामागे ढीग पडायचे. "ताई, कच्ची मळी पाणी पिऊन फुगते, वर्षभर उघड्यावर भिजून तिची खोड जिरली पाहिजे," हे तूच शिकवलंस. आई रोज नळी घेऊन ढिगाला म्हणायची, "पी बाई, पी, माझ्या लेकाचं नाव घालवू नकोस."

मग ईदच्या आधी आईची खोली पुरी करायची तुला घाई झाली. मुरलेला ढीग हॉटेल बांधणाऱ्या गिऱ्हाइकाला दिलास आणि घरात ओतलीस भट्टीतून नुकती आलेली. आई म्हणाली, "अरे, हिच्यावर मी अजून पाणीसुद्धा मारलं नाही." तू हसलास. "आपलंच घर आहे, आई, तक्रार कोण करणार?" परक्याला मुरलेली आणि आईला कच्ची! लाज कशी नाही वाटली रे?

तक्रार तिने अजूनही केलेली नाही. गल्लीभर सांगत सुटलीये, शेजारच्या उम्म शाकिरच्या धुण्याचं पाणी भिंतीखाली मुरलं, तिनेच घर बुडवलं. आई दवाखान्यात होती तेव्हा आपल्या दोघांना जेवू घालणारी हीच ती उम्म शाकिर. आता तिला बघून बायका तोंड फिरवतात. काल मला म्हणाली, "सनिया, तू तरी माझ्याकडे बघ." तिच्याकडे बघवलं नाही माझ्याच्याने.

शुक्रवारी नमाजानंतर गल्लीतले वडीलधारे निवाड्याला बसणार आहेत. आई कुराणावर हात ठेवून सांगणार की हे पाण्यानेच झालं. रोजा असताना थुंकी गिळायलाही बिचकणारी बाई तुझ्यासाठी खोटी शपथ घ्यायला निघालीये! मी अडवलं तर म्हणते, "रिफातचं नाव राहू दे, माझं काय ते अल्ला बघेल." म्हणून लिहितेय. ये, आणि तिने हात ठेवायच्या आत तोंड उघड. नाही आलास तर मी उठेन आणि सगळ्यांदेखत आईला खोटं पाडेन. त्यानंतर ती माझं तोंड बघणार नाही, आणि मी तुझं.

शुक्रवारपर्यंत तुझीच,
सनिया