जनीनचे पाठमोरे व्यक्तिचित्र

३ फेब्रुवारी
नव्या चित्राचा आरंभ. कलादालनाच्या व्यक्तिचित्र स्पर्धेतून गेली दोन वर्षे माझी चित्रे परत आली, कारण परीक्षक आमच्या वॉर्नंबूल गावचेच होते. यंदा परीक्षक मेलबर्नहून येणार आहेत. निवड निश्चित समजावी.

नियम चौथा: मॉडेल चित्रकारासमोर प्रत्यक्ष असावे, छायाचित्रावरून केलेले काम बाद. हा नियम जणू माझ्यासाठीच लिहिला आहे. बी.कॉम. झाल्यापासून निवृत्तीपर्यंत पाणीपुरवठा मंडळात लेखापरीक्षण केले ते एकाच तत्त्वावर. समोर आहे ते नोंदवावे, अनुमान काढू नये.

मॉडेल: जनीन. पत्नी. घरातच उपलब्ध.

५ फेब्रुवारी
जनीनने विचारले, ब्रूमचे काय. निवृत्तीनंतर कॅरॅव्हॅन, म्हणजे आमचे चाकांवरचे घर, घेऊन पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, ब्रूमच्या किनाऱ्यापर्यंत जाऊ, असे मी म्हटले होते हे मान्य. परंतु कॅरॅव्हॅनमध्ये सध्या माझा स्टुडिओ आहे आणि गादीला टर्पेंटाइनचा वास आहे. तिला सांगितले, हे एकच चित्र, मग ब्रूम. ती म्हणाली, हे वाक्य तिला आता तोंडपाठ झाले आहे.

तिची स्मरणशक्ती उत्तम आहे.

११ फेब्रुवारी
पहिली बैठक. हनुवटी जरा डावीकडे, असे सांगितले. मग जरा उजवीकडे. मग, हसू नकोस. ती म्हणाली, ती हसतच नव्हती. सबंध सकाळ नाकावर गेली. नाक सहकार्य करत नाही.

१२ फेब्रुवारी
दुसरी बैठक रद्द. जनीनने सांगितले की ती पुन्हा खुर्चीत बसणार नाही. सिंकपाशी उभी असते तेव्हा काय काढायचे ते काढावे.

नियमपत्रिका पुन्हा तपासली. मॉडेल समोर असावे, एवढेच म्हटले आहे. तोंड कोणीकडे असावे याविषयी नियम मौन पाळतो. सबब, पाठमोरी जनीन. कल्पना क्रांतिकारक आहे. ती मूळची माझीच, असे धरण्यास हरकत नसावी.

२ मार्च
शेजारचा डॅझ आला होता. व्यवसायाने प्लंबर, स्वभावाने टीकाकार. चित्र पाहून म्हणाला, "रॉड, लेका, लोक बायकोचं तोंड काढतात. तू पाठ काढतोयस. भितोस का काय तोंडाला?"

त्याला बिअर दिली.

१९ मार्च
जनीनने नवी सूटकेस आणली. निळी, चाकांची. कशासाठी, असे विचारले तर म्हणाली, सेल होता. स्वयंपाकघराच्या दाराशी उभी करून ठेवली आहे. प्रथम संताप आला. नंतर लक्षात आले की चित्राचा डावा कोपरा हलका पडत होता आणि सूटकेस तेथे अचूक बसते.

इतक्या वर्षांच्या सहवासाने जनीनलाही रचनेची जाण आली म्हणायची.

२६ मार्च
सूटकेस दिवसेंदिवस जड दिसते. चाके पायपुसण्यात रुतली आहेत. सावली त्यानुसार गडद केली. आज मुठीला नावाचा टॅग लावलेला आढळला. सर्वांत बारीक ब्रशने तो अक्षरन् अक्षर उतरवला. अशी अक्षरे वाचायची नसतात, आकार म्हणून पाहायची असतात. वाचले की मन अनुमान काढते आणि हात चुकतो.

माझ्या कारकिर्दीतील सर्वोत्तम दोन इंच.

५ एप्रिल, ईस्टर
जनीनने केस आखूड कापले. मानेवरची केसांची गाठ रंगवण्यात माझे कित्येक दिवस गेले होते, ते मी तिला स्पष्ट शब्दांत सांगितले. ती म्हणाली, तिकडे उकाडा असतो. कोणीकडे, ते विचारायचे राहिले. रंग वाळत होता.

मान नव्याने रंगवली. मान सुंदर आहे. हे तिला सांगण्यासाठी गेलो तेव्हा ती फोनवर कोणाशी तरी भरती-ओहोटीच्या वेळा बोलत होती. परत आलो.

२० एप्रिल
चित्र पूर्ण. जनीन पाहायला आली. हातातला कप तसाच धरून कॅरॅव्हॅनच्या दारात बराच वेळ उभी राहिली.

"रॉड, हे सगळं बघितलंयस तू?"

अर्थात, मी म्हणालो. एकही गोष्ट सोडलेली नाही.

"मग काही म्हणायचं नाही तुला?"

वार्निश वाळायला आठवडा लागेल, असे सांगितले. तिने कप माझ्या ब्रशांशेजारी ठेवला आणि घरात गेली. चहा गार होता.

७ मे
निवड झाली!

जनीनला सांगण्यासाठी घरात धावलो. घरी नाही. सकाळी ती दारात काहीतरी बोलत होती खरी, पण मी दालनासाठी माझी कलाविषयक भूमिका लिहीत होतो. 'निघते' एवढे कानी आले. मी 'हं' म्हणालो. बाजारात गेली असावी.

सूटकेसही जागेवर नाही. चित्र पूर्ण झाल्यावर हलवली, हा समंजसपणा.

९ मे
बाजार नसावा. फोन लागत नाही.

२३ मे
उद्घाटन. तुडुंब गर्दी, सॉसेज रोल, बेताची वाइन. माझे चित्र मुख्य भिंतीवर, मधोमध. समोर एक बाई डोळे पुसत होती. रंगलेपनाचा असा परिणाम मी प्रथमच पाहिला.

परीक्षक आना वुकोविच यांनी भाषणात माझ्या चित्रावर थांबून म्हटले, "याला धैर्य लागतं. बायको घर सोडून चाललीय, आणि हा माणूस रोज तिच्या मागं उभा राहून तेच रंगवतोय."

टाळ्या. मी पुढे होऊन खुलासा केला की काही गैरसमज होत आहे. सूटकेस केवळ डाव्या कोपऱ्याच्या तोलासाठी आहे. लोक हसले. मग एकदम हसायचे थांबले. ते थांबणे मला आवडले नाही.

डॅझने चष्मा लावून टॅग वाचला. "जनीन केलेट, ब्रूम." मग हळूच विचारले, केलेट कोण?

तिचे माहेरचे आडनाव, मी म्हणालो. जुना टॅग असेल.

"सूटकेस मार्चमधली आहे ना, रॉड?"

आज प्रथमच त्याने मला लेका म्हटले नाही. माझ्या हातात खोबऱ्यात घोळवलेला एक लॅमिंग्टन केक ठेवला आणि शेजारी उभा राहिला. लॅमिंग्टन मी घरी आणला. खोबरे खिशात सांडले आहे.

२५ मे
टॅगवरचे केलेट खोडून माझे आडनाव, प्रिडो, करावे, अशी दालनाकडे रीतसर विनंती केली. अमान्य. भिंतीवर लागलेल्या चित्राला चित्रकारासही हात लावता येत नाही. दुपारी कोटाच्या आत ब्रश घेऊन गेलो. रखवालदाराने नम्रपणे ब्रश काढून घेतला, आणि चित्रासमोर माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवली.

दालन बंद होईपर्यंत बसलो. ती एकदाही वळली नाही.

११ जून
कॅरॅव्हॅन घेऊन ब्रूमला निघण्याचा निर्णय. चारही टायर बसलेले. डॅझने हवा भरून पाहिली. दोन टायरांनी ती लगेच परत केली. गादी उन्हात टाकली, तर पाऊस आला.

जनीनच्या फोनवर निरोप ठेवला. क्षमा मागायची असे ठरले होते. परंतु आधी प्रदर्शनाची पार्श्वभूमी सांगणे क्रमप्राप्त होते, आणि त्यातच निरोपाची वेळ संपली.

२९ जून
प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार मला मिळाला. जनीनला संदेशाने कळवले.

दुपारी उत्तर आले. एक फोटो. मागे तांबडी वाळू आणि निळाहिरवा समुद्र, वाऱ्याने आखूड केस उभे राहिलेले. जनीन सरळ कॅमेऱ्याकडे पाहून हसते आहे. खाली लिहिले होते: अभिनंदन. ही पुढची बाजू.

फोटो मोठा करून बारकाईने तपासला. डोळे तपकिरी आहेत अशी माझी नोंद होती. ते हिरवट आहेत.

ताबडतोब नवा कॅनव्हास ताणला. पुढील वर्षीची प्रवेशिका: जनीन, समोरून. हिरवा काढला, गेरू काढला, त्वचेचा रंग कालवला. फोन इझलला टेकवून उभा केला. ब्रश बुडवला.

मग नियम चौथा आठवला. छायाचित्रावरून केलेले काम बाद.

मॉडेल समोर असावे लागते.