तिने एक बूट काढला

ट्रुम्सो, बुधवार

प्रिय आई,

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तू विणून पाठवलेले मोजे आत्ता पायातच आहेत. तुझा गुडघा कसा आहे?

आज मात्र माझं डोकं फिरलंय. माझ्याकडे समुपदेशनाला आठ वर्षांची एक मुलगी येते. बाकीची मुलं दारातच बूट काढतात, ही चार आठवडे बूट घालूनच बसली. आज पाचव्या भेटीत तिने एक बूट काढला. मला नाचावंसं वाटलं!

ती गेल्यावर आमचा साहेब स्टाइनार म्हणाला, "नियमाप्रमाणे पाच भेटी झाल्या. फाइल बंद कर."

"अरे, तिने आत्ता कुठे एक बूट काढलाय!"

"दुसरा तिचे आईबाप काढतील."

आईबाप! मी टेबलावर असा हात आपटला की कॉफी त्याच्या शर्टावर उडाली. सहावी भेट मी घेणारच, नोकरी गेली तर गेली.

तू सगळ्यांना सांगतेस, इंगव्हिलला पहिल्यापासून मुलांची आवड, म्हणून ती या कामात पडली. साफ खोटं. बाबा पिऊन आले की मीही घरात बूट घालून बसायचे, पळता यावं म्हणून. तू मागून मुकाट्याने ओले ठसे पुसायचीस. बूट का काढत नाहीस, हे एकदाही विचारलं नाहीस.

आता तरी विचार. मोजे नको पाठवूस.

तुझीच,
इंगव्हिल