पेपरातली चूल

गुडीहत्नूर,
२९ मार्च

प्रिय दादा,

तुझा निरोप पोचला. म्हणजे मला नाही, आईला. आणि तुझ्याकडून नाही, प्रवीणकडून. आदिलाबादच्या साहित्य मंडळाचा सचिव स्कूटरवरून इथपर्यंत येतो, आपल्या अंगणात बसून चहा घेतो आणि सांगतो की तेरा एप्रिलला संध्याकाळी तिकडे तुझ्या पुस्तकाचं प्रकाशन आहे. चौदाला सकाळी तू वीसेक पाहुणे, प्रकाशक आणि एक व्हिडिओवाला घेऊन घरी येणार. अंगणात चूल मांडायची, तिच्यावर मडकं उलटं घालायचं, आईनं निळ्या काठाचं पांढरं लुगडं नेसायचं आणि सगळ्यांसमोर लांब रोट्या करायच्या. लुगड्याचा रंगसुद्धा तू कळवलास. आईनं त्याचं बोलणं पुरं होऊ दिलं नाही. "हो म्हना त्याले," म्हणाली, "गहू घरचेच हाये." प्रवीण गेल्यावर तिनं वरची चाळणी काढायला सांगितली. तेव्हापासून पीठ रोज चाळलं जातंय.

हे मी फोनवर सांगितलं असतं, पण दोन खोल्यांच्या घरात एकीचं बोलणं दुसरीला ऐकू जातं, आणि तू बहुतेक वेळा मीटिंगमध्ये असतोस. म्हणून पत्र. पुण्याला ते चार-पाच दिवसांत पोचेल असं पोस्टातली मुलगी म्हणाली. चुलीचं काय करायचं ते ठरवायला तुझ्याकडे नंतर आठवडाभर राहतो.

आईचा उजवा खांदा पदर सावरण्यापुरताही वर जात नाही. ऑगस्टमध्ये ती न्हाणीत पडली तेव्हा मी तुला फोन केला होता. "डॉक्टर काय म्हणतो ते कळव," असं तू म्हणालास. डॉक्टर काय म्हणाला ते मी त्याच दिवशी लिहून पाठवलं. तू ते वाचल्याच्या दोन निळ्या खुणा अजून माझ्या फोनवर आहेत. आदिलाबादच्या त्या तेलुगू डॉक्टरनं तिचा हात धरून बजावलं होतं, "अम्मा, चेय्यि एत्तोद्दु." हात वर करायचा नाही. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "त्याच्या मायनं कवा रोटी टाकली नसन." पण घरी येऊन तिनं मडकं पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवायला लावलं. परवा ते खाली उतरवायला लावलं. काल शाळेतून आले तर ती मोरीपाशी बसली होती आणि ओला पंचा या हातावरून त्या हातावर टाकून बघत होती, कणीक टाकतात तसा. चौथ्यांदा पंचा खाली पडला. मी आल्याचं तिला कळलं तेव्हा तिनं तो पिळला आणि दोरीवर वाळत घातला, डाव्या हातानं.

तुझे चाळीसच्या चाळीस लेख मी वाचलेत. रविवारी सकाळी फोनवर पेपर उघडते, आई तांदूळ निवडत बसते आणि मी मोठ्यानं वाचते. तुझी भाषा चांगली आहे, शाळेत असल्यापासूनच चांगली होती. घराचं सुख, ताटातलं सुख, माजघरातला उजेड, असं तू लिहितोस, आणि पुण्या-नाशिकचे लोक खाली लिहितात की डोळे भरून आले. आपल्याला माजघर कुठं होतं रे? तू पहिल्या लेखात लिहिलंस की आपल्या घराला कायम गव्हाच्या भाजलेल्या रोटीचा वास असायचा. गहू आपल्याकडे वर्षातून दोनदा यायचे, चौदा एप्रिलला आणि कुणाचं लग्न असलं तर. एरवी ज्वारी, तीही मोजून. आईच्या हातांवर पिठाचे पांढरे ठिपके चांदण्यासारखे दिसायचे असंही तू लिहिलंस. ते पीठ नव्हतं. मडक्याला हात लागून भाजल्याचे ते डाग आहेत, आणि ते धुतल्यानं जात नाहीत. तू ते लहानपणी पाहिलेस, मोठा झाल्यावर जवळून पाहिले असतेस तर कळलं असतं. रोट्या टाकताना ती गुणगुणायची हे वाचल्यावर मात्र मी थांबले आणि तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "गुनगुनू कशी? धुरानं तोंड उघडता येत नव्हतं." मग स्वतःशीच हसली. "पोट्ट्याले चूल पेटवता येत नव्हती, आता पेपरात पेटवून राह्यला."

लोणच्याच्या लेखाला तर तिनं दोनदा थांबवलं. "हे कोनाच्या घरचं व्हय वं? आपल्याकडे कवा बरण्या होत्या?" मी म्हटलं, आई, लेखक थोडं वाढवून लिहितात. ती म्हणाली, "असन. माह्या पोरानं लिवलं म्हंजे कुठंतरी असनच."

चाळीस लेखांत मी एकदा आले. उन्हाळ्यातल्या दुपारींवरचा जो लेख आहे, त्यात 'कुणीतरी आतून गार पाण्याचा तांब्या आणून ठेवला' असं वाक्य आहे. तो तांब्या मी ठेवायचे. तू दहावीला होतास, मी पाचवीला. पाणी मीच शेंदून आणायचे, म्हणून मला आठवतं. पहिली गरम रोटी तुला मिळायची, कारण तू शिकत होतास. मडक्यावर टाकताना फाटलेली मला मिळायची, कारण फाटलेली पाहुण्यांना वाढता येत नाही. माझं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं, आजही नाही. फाटलेल्या रोटीवर रस्सा चांगला मुरतो. पण मग सुखाचं लिहिताना कुणाचं सुख ते तरी लिहायचं.

मला रोटी येत नाही, हेही तुला माहीत नसेल. प्रवीणनं सुचवून पाहिलं की आईला जमत नसेल तर ताईंनी करावी, चित्रात हातच दिसतील. मी शिकायला बसले होते, बारावीच्या सुट्टीत. आईनं कणीक माझ्या हातातून काढून घेतली. "तू मास्तरीन हो," म्हणाली, "हे हात माह्यापाशीच संपू दे." बाबा दारात उभे होते. देवाजी गायकवाडांनी आयुष्यात बायकोचं एवढं एकच बोलणं मान हलवून कबूल केलं असेल. मी मास्तरीण झाले. ज्या शाळेच्या पायरीपर्यंतच बाबांना जाता आलं, तिथं मी आज मराठी शिकवते, अकरा मुलं उरलीत वर्गात, बाकीची तेलुगू आणि इंग्रजीकडे गेली. लग्नाचं तुला माहीत आहे. आईला सोडून ये म्हणणारे मला नको होते आणि आईसकट घेणारा कुणी आला नाही. बाबा गेले तेव्हा तू आलास, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम संपला त्याच संध्याकाळी गाडी काढलीस, सुनयना वहिनींच्या परीक्षेचे पेपर तपासायचे होते म्हणून. त्याला पाच वर्षं झाली. गुडीहत्नूर हमरस्त्यावर आहे दादा, कुठल्या रानात नाही. तू या वर्षांत दोनदा हैदराबादहून नागपूरला गाडीनं गेलास ते मी तुझ्याच लेखांत वाचलं. ती गाडी आपल्या फाट्यावरूनच गेली असणार.

आता जे लिहिणार आहे ते लिहायला मी तीन दिवस घेतलेत, कारण यात चूक माझी आहे.

आई पडली त्याच्या पुढच्या आठवड्यातली गोष्ट. तिचा हात गळ्यात बांधलेला होता. तुझा फोन आला नव्हता. रविवारी मी लेख वाचला, मला वाटतं श्रावणातल्या फराळावरचा होता, आणि संपला असं म्हणाले. तिनं विचारलं, "बस? माह्याबद्दल काईच नाई?" लेख सगळा तिच्याबद्दलच होता, पण तिला ते म्हणायचं नव्हतं. मी फोनकडे पाहत राहिले आणि वाचल्यासारखं म्हटलं, खाली बारीक अक्षरांत लिहिलंय: आई, खांदा कसा आहे? शेक घेतेस ना? आठ दिवस मी विनवून थकले होते. त्या दिवशी तिनं स्वतः विटेचा तुकडा तापवायला सांगितला. संध्याकाळी फोनकडे हात करून म्हणाली, "बरं हाय म्हनून कळव त्याले."

मग दर रविवारी मी ते करत गेले. लेख तुझा, शेवट माझा. आई, गोळ्या संपल्या असतील तर अर्पिताला सांग. आई, थंडी पडलीय, पहाटे अंगणात बसू नकोस. जे मी सांगून ती ऐकत नव्हती ते तुझ्या नावानं वाचलं की ऐकायची. ती उत्तरंही द्यायची आणि मी ती पाठवल्यासारखं करायचे. शेजारच्या कौशल्याबाईंचा प्रवीणच्याच वयाचा मुलगा हैदराबादहून त्यांना रोज फोन करतो. त्या एकदा आईला म्हणाल्या, "तुमचा हर्षदीप तर फोनच नाई करत वाटते." आईनं सूप खाली ठेवलं. "फोन काऊन करन? तुमच्या पोराचा तुमालेच ऐकू येते. माहा पेपरात इचारते, साऱ्या महाराष्ट्राले मालूम हाय माहा खांदा." मी आत चहा गाळत होते. मला लाज वाटली. तरी पुढच्या रविवारी मी परत वाचलं.

मला तेव्हा वाटत होतं की मी आईला सांभाळतेय. आता दिसतं की सांभाळलं मी तुला. तिला तुझी वाट पाहायची वेळच मी आणली नाही. तिनं एकदा रडून फोन केला असता तर तू आला असतास कदाचित. मी तिला रडू दिलं नाही, आणि तू सुखाचे लेख लिहीत राहिलास, त्यात तुला टोचणारं काही मी पोचूच दिलं नाही. याचा राग तुझ्यावर काढायचा म्हणून हे पत्र सुरू केलं होतं. निम्मा राग वाटेत माझ्याकडेच वळला. उरलेला मात्र तुझा आहे, तो तू घे.

तुझं सदर फेब्रुवारीत संपलं. सहा रविवार झाले, माझ्याकडे वाचायला काही नाही, आणि तिनं शेक बंद केला आहे. मी चूल पेटवू नको म्हटलं तर म्हणते, "त्यानं सांगू दे. तो नको म्हनन तर नाई पेटवत." तेराला ती पहिल्या रांगेत बसणार आहे. कौशल्याबाई आणि वस्तीतल्या आणखी चार बायकांना तिनं बरोबर यायला सांगितलंय, शेवटची ओळ ऐकायला. तुझ्या तोंडून. तू पुस्तकातला एक लेख वाचून दाखवशील, टाळ्या होतील, तू पुस्तक मिटशील, आणि त्या पाच बायका तिच्याकडे बघतील. हे टाळायचं म्हणून मी लिहितेय. मी तिला खरं सांगणार नाही, तूही सांगायचं नाहीस. लेख कुठलाही वाच, फराळाचा वाच नाही तर लोणच्याचा. तो संपला की पुस्तक न मिटता एवढं वाचायचं: 'आई, उद्या चूल पेटवू नकोस. मी रोटी खायला आलो नाही, तुझ्याजवळ बसायला आलोय. आज खांदा शेकलास का?' यातला एकही शब्द बदलू नकोस, सुंदर करू नकोस. तिला तुझी ही भाषा सात महिन्यांची ओळखीची आहे. व्हिडिओवाल्याला आदिलाबादवरूनच परत पाठव, पाहुण्यांचं जेवण मी बघते. आणि वाचताना मान वर करू नकोस, नजर पुस्तकावरच ठेव. तिथं काही छापलेलं नाही हे तिला तुझ्या डोळ्यांत लगेच दिसेल.

एवढं होईपर्यंत तरी तुझीच,
अर्पिता