लेकीच्या घरचं पाणी

बऱ्हाणपूर, ३ नोव्हेंबर १९९३

तीर्थरूप अण्णांस लतिकेचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

बाळंतपणाला नाशिकला यायचं ठरलं होतं, ते आता जमत नाही. ब्लडप्रेशर वाढलंय, पाय सुजलेत, आणि डॉक्टरीणबाई म्हणतात गाडीचा प्रवास अजिबात करायचा नाही. घाबरू नका. आत्याला एकदम सांगू नका, ती देव पाण्यात घालून बसेल.

दिवसभर पलंगावर पडून असते. खिडकीतून तापीकाठचा किल्ला दिसतो. शहाजहानची मुमताज तिथेच बाळंतपणात गेली, असं दूधवाल्यापासून सगळे सांगतात. तुमच्या जावयांनी लग्नानंतर आग्र्याहून आणलेला छोटा ताजमहाल उशाशी ठेवलाय. आत बल्ब आहे, अंधारात छान दिसतो.

अण्णा, तुम्हीच इकडे या ना. हे सकाळी गिरणीत गेले की मला फार एकटं वाटतं. लोभ आहेच, या वेळी तो पत्रातून न पाठवता घेऊन या.

तुमची
लतिका


पंचवटी, नाशिक, ९ नोव्हेंबर १९९३

चि. सौ. लतिकेस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि संध्याकाळची पूजा दोनदा चुकली. तुझ्या आत्याला सांगितलं नव्हतं, पण माझं तोंड बघून तिनं पत्र काढून घेतलं. देव आता पाण्यात आहेत.

आधी तो ताजमहाल घराबाहेर काढ. अगं, थडगं आहे ते. बाळंतपणात गेलेल्या बाईचं थडगं गरोदर बाईनं उशाशी घेऊन झोपायचं? जावईबापूंना म्हणावं, बायकोवर प्रेमच दाखवायचं होतं तर येवल्याची पैठणी घ्यायची. आत्ताच्या आत्ता तापीत सोडून या. मीठ कमी खा. डाव्या कुशीवर झोप. ब्लडप्रेशर किती, ते आकड्यात कळव, नुसतं ‘वाढलंय’ लिहू नकोस.

माझ्या येण्याचं म्हणशील, तर आपल्याकडे लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाहीत. तुझं बिऱ्हाड बघायला आलो तेव्हाही चहा न घेता परतलो होतो. रामकुंडावर चार यजमानांना रीत सांगणारा मी, मीच ती मोडली तर कसं व्हायचं? बाळ झाल्याचं कळलं की मिळेल त्या गाडीनं निघतो. तोवर माझा जीव तुझ्यापाशीच आहे असं समज.

तुझा
अण्णा


बऱ्हाणपूर, १५ नोव्हेंबर १९९३

ती. अण्णांस सा. न. वि. वि.

आकडा कळवत नाही, कारण तो कमी झालेला नाही. ताजमहाल उशापासून उचलून फळीवर ठेवलाय. त्याहून लांब तो जाणार नाही.

काल शेजारच्या नसीमचाची बसायला आल्या होत्या. त्यांनी सांगितलं की मुमताज गेली, पण त्या वेळी झालेली मुलगी जगली. गौहरआरा तिचं नाव. मला हे माहीतच नव्हतं. बादशहानं बायकोसाठी काय बांधलं ते साऱ्या जगाला ठाऊक आहे. त्या मुलीला त्यानं जवळ घेतलं का, ते मात्र चाचींना सांगता येईना. मला रात्री झोप लागली नाही.

आईही माझ्याच वेळी गेली. तुम्ही मला काही कमी केलं नाहीत, पण माझ्या वाढदिवसाला तुम्ही दरवर्षी मी झोपल्यावरच घरी यायचात. आत्या म्हणायची, आज यजमान फार आहेत. मला राग नाही अण्णा, खरंच नाही. पण रीत पाण्याचीच आहे, की तुम्हाला पुन्हा दवाखान्याच्या बाकावर बसायची भीती वाटते?

मलाही वाटते. आपण दोघं मिळून घाबरू. पाणी हवं तर नाशिकहून आणा.

वाट बघणारी
लतिका


बऱ्हाणपूर, ८ डिसेंबर १९९३

तीर्थरूप अक्कास धाकट्या यज्ञेश्वराचा साष्टांग नमस्कार.

तार मिळाली असेलच. मुलगी झाली, लतिका सुखरूप आहे, आता देवांना पाण्यातून काढ. काल दोघींना घरी आणलं. मधले दोन दिवस फार वाईट गेले, ते आल्यावर सांगेन. मी बाकावरच बसून होतो. जावईबापूंनी माझा हात धरला होता की मी त्यांचा, ते आता आठवत नाही.

ताजमहाल अजून घरातच आहे. तापीत सोडायला म्हणून मी उचलला होता, पण बाळीला पाजताना त्याचा उजेड पुरतो, तिच्या डोळ्यांवरही येत नाही. म्हणून राहू दिला. बाळीची हनुवटी तिच्या आजीची आहे. मी तिला मांडीवरून खाली ठेवत नाही म्हणून लतिका ओरडते.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवणार नाही. मी इथं पोचलो तेव्हा तू भरून दिलेला फिरकीचा तांब्या अर्धा शिल्लक होता. लतिकेला उठायची बंदी, तरी भिंत धरधरून ती दारापर्यंत आली आणि तिनं माझ्यापुढे पेला धरला. तिच्या हातातलं पाणी हिंदकळत होतं. बाळ अजून व्हायचं होतं, आणि ही तरी हाती लागेल का, हे कुणी सांगत नव्हतं. मी पेला घेतला, सगळं पाणी प्यालो आणि आणखी मागितलं.

रागवायचं ते मी परतल्यावर रागव, पण माया पातळ करू नकोस.

तुझा
यज्ञेश्वर