बांगड्याचे कल्ले आणि सिद्धेशचा कॅमेरा

दहिसर, सोमवार

तीर्थरूप सुहासिनीताईला धाकट्या चंद्रूचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे, भावोजींचा खोकला आणि परसातलं रतांब्याचं झाड, तिघांचीही तब्येत कळव. (फोनवर तुला ऐकू येत नाही आणि आलं तरी तू मधेच बोलतेस, म्हणून पत्र.) इकडे सगळं ठीक आहे, फक्त मला मासळीबाजारात तोंड दाखवायला जागा उरलेली नाही.

गोरेगावच्या रंगाईच्या कारखान्यात मी चौतीस वर्षं नुसत्या नजरेने कापडाचे रंग जुळवले, हे तुला माहीत आहेच. त्यामुळे घरात मासे निवडायचा मान माझा. सुगंधाला मी पिशवीलासुद्धा हात लावू देत नाही. तर गेले तीन महिने आमची कोळीण मथुरा जो मासा दाखवेल त्याचे कल्ले मला ताज्या मासळीसारखे लालभडक नाही, शिळ्यासारखे तपकिरी दिसायला लागले. मी रोज भांडायचो, मग त्यातल्या त्यात बरे बांगडे उचलायचो आणि घरी कालवण झकास व्हायचं. (याचं श्रेय मी अर्थातच माझ्या निवडीला देत होतो.)

अशात आपला सिद्धेश ऑफिसचा कॅमेरा घरी घेऊन आला. हा रंग आकड्यांत मोजतो, शिवाय प्रकाशाची लहर कुठल्या दिशेने हलते तेही टिपतो, त्यामुळे ओल्या वस्तूवरची चमक पुसून खालचा खरा रंग दाखवतो. काचेवरचे ओरखडे शोधायला वापरतात म्हणे. मी म्हटलं, काच गेली खड्ड्यात, बांगड्यापेक्षा ओलं आणि चकाकतं काय असतं? पोरगा नाही नाही म्हणत होता, पण बापापुढे किती टिकणार. काल सकाळी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून (खवले उडतात ना) आम्ही मथुरापुढे उभे राहिलो. पडद्यावर बांगडा हिरवा, जांभळा, गुलाबी असा पट्ट्यापट्ट्यांचा उमटला. भेसळ, भेसळ म्हणून मी अख्खा बाजार गोळा केला. सिद्धेश कानात म्हणाला, बाबा, ते रंग पिशवीच्या प्लास्टिकचे आहेत. तोवर पन्नास माणसं जमली होती.

पिशवी काढली. आता या यंत्राला आधी पांढरं कार्ड दाखवून पांढरं म्हणजे काय ते समजवावं लागतं. सिद्धेशने कार्ड धरलं. मी म्हणालो, हे पिवळं पडलंय, दुसरं काढ. मथुराने कार्डाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "काका, कार्ड पांढरं हाय. डोले दाखवा डॉक्टरला." तीन महिने माझी बोलणी खाल्लेली बाई, पण हसली नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळीच डॉक्टर गाठला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आज सकाळी जाऊन मथुराची माफी मागितली. तिने दोन बांगडे जास्त घातले, मी कल्ले न बघता घेतले. बाकी भेटीत बोलू.

तुझा,
चंद्रप्रकाश

ता. क. ऑपरेशन पुढच्या गुरुवारी आहे. सगळे म्हणतात पंधरा मिनिटांचं काम. ताई, मला भीती वाटते. माझ्यापाशी होती ती एवढी नजरच, ती गेली तर मी कोण? तू ये. बाहेर बाकावर बसून राहा, एवढंच.

ता. ता. क. (पत्ता लिहायला पाकीट माझ्याकडे दिलंय.) वन्सं, सुगंधाचा नमस्कार. नक्की या. यांनी तीन महिने नेमके शिळेच बांगडे उचलले. डॉक्टरचं नाव काढलं की जेवायचे नाहीत, म्हणून मी पहिल्याच आठवड्यात मथुराला सांगून ठेवलं. हे दुसऱ्या पाटीत डोकावले की ती पिशवीतले बदलून ताजे घालायची, आणि वर यांची बोलणी खायची. आज तिला सांगून आले, आता ऑपरेशननंतर काही बदलू नकोस, त्यांचे त्यांना निवडू दे. तुम्ही यातलं यांच्याजवळ कधी बोलू नका.