तांबड्या गाडीचा मास्टर सिलिंडर

बाबा,

ती तांबडी इटालियन गाडी मी घेतली. दुसरबीडच्या बापूसाहेबांची. आपल्या घरात तिला कायम 'आपली इटालियन' म्हणायचे, जशी काही आपल्याच सातबाऱ्यावर होती. दोन दारं, दोघांपुरती जागा, वर कापडी छत. ती बुलढाण्याच्या बाजारातून निघाली की भाजीवाल्या बाया तराजू तसाच धरून पाहत राहायच्या. तीस वर्षं ती बापूसाहेबांच्या गोठ्याशेजारच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी होती. उन्हाळ्यात कोणीतरी माझ्या गॅरेजमध्ये सांगितलं, पुण्याचा एक शौकीन येऊन पाहून गेला, म्हणतो सगळी खोलतो आणि नव्यासारखी करतो. सगळी खोलतो, एवढंच माझ्या डोक्यात बसलं. हातातला पाना खाली ठेवला आणि त्याच दुपारी दुसरबीडला गेलो. लोकांना वाटलं, बापाच्या आठवणीसाठी घेतोय. वाटू दिलं. मी ती गाडी घेतली ती भीतीनं. तिचा ब्रेकचा मास्टर सिलिंडर, चारही चाकांना दाब जिथून जातो तो, माझ्याआधी दुसऱ्या कोणी उघडू नये, म्हणून.

तुम्ही त्या गाडीचं किती करायचा! दोन कार्बोरेटर, दोन्ही एका सुरात आले पाहिजेत. तुम्ही रबरी नळीचं एक टोक कानात आणि दुसरं आधी या कार्बोरेटरच्या तोंडाशी, मग त्या, असं धरून डोळे मिटून बसायचा. तेव्हा कोणी बोललं की संपलं. तिचा एकही पार्ट इथं मिळत नव्हता. टॅक्सीवाल्यांच्या फियाटचे ब्रेकचे रबर तिला बसतात हे तुम्ही स्वतः शोधून काढलं, त्याचा तुम्हाला केवढा अभिमान. आणि घट्ट केलेल्या प्रत्येक नटावर लाल नेलपॉलिशचा ठिपका. ती बाटली दुकानात मागायची तुम्हाला लाज वाटायची, म्हणून मला पाठवायचा, आणि दुकानदार मला विचारायचा, "काऊन बे, पोरगी पटली का?" एकदा मी नट न आवळताच ठिपका दिला होता. तुम्ही बोटानं नट फिरवून पाहिला, फिरला. सगळ्यांसमोर म्हणालात, "हा ठिपका म्हंजे माही सही हाय. माह्या सहीखाली खोटं लिवतं का तू?" मारलं नाहीत. मारलं असतं तर दोन दिवसांत विसरलो असतो.

आता त्या पोळ्याचं. तुम्हाला माहीत आहे, तरी लिहितो. मी बावीस वर्षांचा, आयटीआयचं सर्टिफिकेट भिंतीवर खिळा ठोकून लावलेलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बापूसाहेब आपल्या आईला घेऊन शेगावला दर्शनाला जाणार होते, त्यासाठी गाडी चार दिवस आपल्याकडे होती. तुम्ही मास्टर सिलिंडर स्वतः बांधलात, नवे रबर टाकलेत, आणि काकाच्या बैलांची पूजा म्हणून गावाला गेलात. जाताना सांगितलंत, ब्रेकच्या पाइपांतली हवा काढून ठेव, ऑइल भर, बास. मी हवा काढत बसलो. हवा निघता निघेना, आणि ब्रेक ऑइलचा डबा संपला. दुसरा, सीलबंद, तुमच्या कपाटात; कपाटाची किल्ली तुमच्या बनियनच्या खिशात, गावाला. बाजार बंद. पोळ्याला बैलासोबत ट्रॅक्टरलाही हार घालतात, म्हणून आदल्या दिवशी एकानं ट्रॅक्टर ऑइलपाणी करून नेला होता. त्याच्या हायड्रॉलिकचं उरलेलं ऑइल कॅनमध्ये कोपऱ्यात होतं. स्वच्छ, मधासारखं. मी म्हटलं, ते एवढा नांगर उचलतं, चार चाकं थांबवायला काय झालं? दाब म्हणजे दाब. भरलं. पेडल दाबून पाहिलं, दगडासारखं घट्ट. मी इतका खूश, बाबा, की नटावर ठिपकासुद्धा देऊन टाकला.

खनिज तेलानं, म्हणजे ट्रॅक्टरच्या त्या ऑइलनं, ब्रेकचं रबर फुगतं, हे मला आज झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. तेव्हा ठाऊक नव्हतं; तुम्हाला होतं, पण तुम्ही तिथं नव्हता. सकाळी बापूसाहेबांनी गाडी नेली, हात हलवून गेले. रबर फुगलं, ब्रेक आत दाबले ते सुटेचनात, चाकं तापत गेली, आणि बोथा घाटाच्या उतारावर पेडल एकदम फळीपर्यंत गेलं. बापूसाहेब शहाणे, त्यांनी दरीकडं न जाता गाडी डोंगराच्या अंगाला घातली. आईच्या कपाळाला टाके. त्यांचा डावा गुडघा चुरा. जिल्ह्याच्या कबड्डीत ज्याच्या पायाला लोक हात लावू शकत नव्हते, तो माणूस तेव्हापासून काठी घेऊन चालतो.

तुम्ही दुपारी गावाहून आलात तेव्हा गॅरेजसमोर गर्दी होती. बापूसाहेबांचे वडील जीपमधून उतरले आणि एवढंच म्हणाले, "मिस्तरी, ब्रेक कोणं बांधले?" मी तुमच्या मागं उभा होतो, दोन हातांवर. माझं तोंड उघडलं होतं, देवाशपथ उघडलं होतं. तुम्ही म्हणालात, "म्या बांधले, मालक. माहीच चूक हाय." तुम्हाला तेव्हा कॅनबद्दल काहीच माहीत नव्हतं. तुम्ही खरंच समजला होता की तुमचाच हात चुकला. आणि मी तोंड मिटलं.

आठवडाभरानं तुम्ही दुसरबीडला गेलात आणि तीन दिवस तिकडंच राहिलात. आई म्हणाली, पाया पडायला गेले असतील. मीही तेच धरून चाललो. परत आलात. जेवताना तुम्ही माझ्याकडं एकदा पाहिलं, खूप वेळ पाहिलं, आणि म्हणालात, "भाकर घे अजून." मला वाटलं, बरं झालं, काही कळलं नाही. पुढं टॅक्सीवाले एक एक करून दुसरीकडं गेले. घाटात ज्याचे ब्रेक गेले तो मिस्तरी, असं लोक तुमच्याकडं बोट दाखवून सांगायचे. वर्षभरात तुम्ही गॅरेजचं शटर ओढलं आणि दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये पंक्चर काढायला लागलात. तुमच्यासारखा माणूस, पंक्चर! मी रोज ते पाहत होतो. रोज ठरवायचो की आज सांगतो. तुम्ही गेलात त्या दिवशीही दवाखान्यात ठरवलं होतं.

दुसरबीडला गेलो तेव्हा बापूसाहेब ओट्यावर बसले होते. केस पांढरे झालेत, आवाज तोच. म्हणाले, "तूच घे. तुह्या बापाचा जीव होता तिच्यावर. पुण्यावाल्याले काय, फोटो काढाले पाह्यजे." किंमत त्यांनी इतकी कमी सांगितली की मला मान वर करता येईना. गाडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आणली. गावातली पोरं मागं पळत होती, मोबाइलवर शूटिंग करत होती.

त्या दिवशी कारागिराला सुट्टी दिली. शटर अर्धं ओढलं. सिलिंडर खोलून बाकावर घेईपर्यंत पाना दोनदा नटावरून सटकला. चाळीस गाड्यांचे ब्रेक महिन्याला करणारा माणूस मी. मला ठाऊक होतं आत काय दिसणार: भिजवलेल्या वाटाण्यासारखे फुगलेले रबर, आणि त्यांना ट्रॅक्टरच्या ऑइलचा वास. दुसरं काही निघालं तर? तुमच्याच हातची चूक निघाली तर? खरं सांगतो बाबा, क्षणभर मला तसंच व्हावं असं वाटलं. लाज वाटते लिहायला, पण वाटलं.

आत नवे रबर होते. कोरे, एकदाही न वापरलेले. सिलिंडर आतून एरंडेलानं पुसलेला, जसा तुम्ही गाडी बरेच दिवस उभी करायची असली की पुसायचा. ट्रॅक्टरच्या ऑइलचा थेंब नाही. मग वेड्यासारखा चारही चाकांकडं गेलो. तिथंही तेच. पाइप धुतलेले, तोंडं बुचांनी बंद केलेली, आणि प्रत्येक नटावर लाल ठिपका. एकही माझा नव्हता. मी तर त्या दिवशी एकच दिला होता, तोही खरवडून तिथं तुमचा दिलेला. म्हणजे ते तीन दिवस तुम्ही पाया पडत नव्हता. चुराडा झालेल्या गाडीखाली आडवे पडून सगळे ब्रेक खोलत होता. आणि पहिलाच रबर हातात आला तेव्हा तुम्हाला कळलं. कळणारच, तुमचं नाक काय साधं होतं! कळलं, आणि तुम्ही फुगलेला एकेक रबर काढला, कुठं फेकलात कोण जाणे, नवे बसवले, सगळं धुऊन टाकलं. जी गाडी पुन्हा कधी चालणार नव्हती तिचे ब्रेक तुम्ही नवे केलेत, म्हणजे पुढंमागं कोणी उघडलं तर माझं नाव निघायला नको.

मी तिथंच फरशीवर बसलो आणि रडलो. मग रागावलो. हो, तुमच्यावर. कोणी सांगितलं होतं एवढं करायला? एक थोबाडीत मारली असती, मालकासमोर फरफटत नेलं असतं, तर मी मोकळा झालो असतो. तुम्ही स्वतःच्या सहीखाली खोटं लिहिलंत, बाबा, माझ्यासाठी, आणि मला सांगितलंही नाही. त्यानंतर तुम्ही जाईपर्यंत सहा वर्षं एका ताटलीतलं लोणचं खाल्लं आपण. तुम्हाला ठाऊक होतं हे मला ठाऊक नव्हतं, आणि मी रोज तुमच्यासमोर शहाण्यासारखा वावरत होतो.

दिवाळीपर्यंत गाडी पुन्हा चालती केली. चेसी सरळ करून घेतली, दोन्ही कार्बोरेटर कानात नळी घालून सुरात आणले. माझ्या कानाला तुमच्याएवढं येत नाही, गाडी जरा अडखळते. रबर मात्र सगळे बदलले, तीस वर्षांचे ठेवता येत नाहीत. मग बापूसाहेबांचा फोन आला. "चालू झाली म्हंते. मले बसाचं हाय. घाटातूनच ने." नाही म्हणायला कारण सुचेना.

सकाळी नऊला निघालो. ते शेजारी, काठी दोन पायांच्या मध्ये. बोथ्याचा उतार लागला तसा त्यांचा हात समोरच्या पत्र्यावर गेला आणि तिथंच राहिला. मी प्रत्येक वळणाआधी ब्रेक दाबून पाहत होतो, आणि प्रत्येक वेळी ते माझ्या पायाकडं पाहत होते. माझा शर्ट पाठीला चिकटला. एका वळणावर ते म्हणाले, "इथं." मी गाडी थांबवली. थांबली, जागच्या जागी, हलली नाही. त्यांनी श्वास सोडला. डोंगराच्या अंगाकडं पाहत राहिले. मग म्हणाले, "माणूस देवासारखा होता तुहा बाप. एक डाव हात चुकला, त्याले काय. म्या तवाच माफ केलतं त्याईले. तूही मनात धरू नको."

आता, असं मनात आलं. घाटात दोघंच आहोत, गाडी उभी आहे, आता बोल. मी म्हणालो, "हो, बापूसाहेब." आणि पहिला गिअर टाकला.

तुम्हाला एकदा तोंडघशी पाडलं होतं ते न बोलून. या वेळी तर हो म्हणून पाडलं. त्याला आज चार दिवस झाले. गाडी गॅरेजमध्ये उभी आहे, लोक फोटो काढून जातात, विचारतात, बापाची का? मी हो म्हणतो. हो म्हणायची सवयच लागली आहे.

एक सांगून टाकतो. हा कागद मी तुमच्यासाठी घेतला नव्हता. सकाळी बसलो तेव्हा पहिल्या ओळीत 'बापूसाहेब' लिहिलं होतं. चहा गार झाला तरी पुढचा शब्द येईना. मग त्यावर आडवी रेघ मारली आणि खाली 'बाबा' लिहिलं, कारण तुम्हाला सगळं आधीच माहीत होतं, आणि तुम्ही काही विचारायला येणार नाही.